पॉलिएस्टर सांगून गळ्यात मारलेली पीव्हीसी शीट

रांगोळीचे छापे किंवा भिंतीवरच्या नक्षीच्या स्टेन्सिल लेझरवर कापून घेता ना? मग पुण्यात शीट घ्यायला जाण्याआधी हे वाचा. गणपती-दिवाळीच्या तोंडावर पेठांमध्ये शीटला मागणी वाढते आणि त्या गर्दीत पॉलिएस्टरच्या नावाखाली पीव्हीसी खपवली जाते. माझ्या बाबतीत तेच झालं. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण त्या शीटचा धूर काही संबंध नसलेल्या माणसाच्या छातीत गेला, त्याचा जास्त आहे.

स्टेन्सिलसाठी मी पॉलिएस्टरच वापरते, सगळे जिला मायलर शीट म्हणतात ती. लेझरखाली ती स्वच्छ कापली जाते, रंग वाळून बसला तर थिनरने पुसता येतो आणि नक्षीतले बारीक दुवे सतत उचल-ठेव करूनही टिकतात. भिंतीसाठी १९० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडी पुरते, रांगोळीसाठी छापा जमिनीवर सपाट बसावा म्हणून मी २५० घेते. कार्डशीट रंग पिऊन फुगते. अ‍ॅक्रिलिक वळत नाही, बारीक नक्षी असली की मोडतं.

रविवार पेठेतल्या एका दुकानातून आधी नमुन्याचा तुकडा आणला. धायरीच्या लेझरवाल्या दादांकडे तो कापून पाहिला, उत्तम कापला गेला. मग अख्ख्या रोलची ऑर्डर दिली. रोल टेम्पोने घरी आला, दोन्ही बाजूंनी संरक्षक फिल्म चिकटवलेली. फोन करून विचारलं तर, ‘ताई, तोच माल आहे, डोळे झाकून कापा.’

पहिलाच छापा मशीनवर चढला आणि कडा तपकिरी पडायला लागल्या. कापलेल्या रेषा चिकट, बोट लावलं तर तार ओढली जात होती. नाकाला झोंबणारा आंबट-उग्र वास आला. दादांनी तिथल्या तिथे मशीन थांबवलं, शटर पूर्ण वर केलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मग त्यांनी वायरचा तुकडा सोलून तांब्याची तार काढली. ती बाहेर गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, गरम असतानाच शीटच्या कोपऱ्यावर टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत लख्ख हिरवी झाली. ‘क्लोरीन आहे यात. पीव्हीसी दिलीय तुम्हाला,’ दादा म्हणाले. शेजारी जुना नमुन्याचा तुकडा होता, त्याला तीच तार पुन्हा तापवून लावली. हिरवा रंग अजिबात आला नाही.

पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. लेझरच्या उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. माणसाचे डोळे, घसा, फुप्फुसं जळतात. मशीनच्या पट्ट्या गंजतात, लेन्स आणि आरसे खराब होतात. एक्झॉस्ट चालू असला तरी धूर आधी मशीनच्या पोटातूनच जातो. ज्या माणसाचं पोट त्या एका मशीनवर आहे, त्याच्या मशीनमध्ये हे घालायला लावणं म्हणजे नुसती भेसळ नाही, सरळसरळ अपाय आहे.

नुसत्या डोळ्यांनी या दोन शीट ओळखू येत नाहीत. वजनानेही नाही, कारण दोन्हींची घनता १.४ च्या आसपास. पाण्यात टाकल्या तर दोन्ही बुडतात (तरंगली तर ती बहुधा पॉलिप्रॉपिलीन). वजनाचा उपयोग जाडी तपासायला होतो: २५० मायक्रॉनची एक चौरस मीटर शीट साधारण ३५० ग्रॅम भरायला हवी. मटेरियलसाठी मात्र तांब्याची तारच. ही चाचणी मोकळ्या हवेत करा, तोंड लांब ठेवा आणि नमुन्यावर नव्हे, हातात आलेल्या रोलच्या टोकावर करा. फसवणूक नेमकी त्या दोहोंच्या मधल्या जागेत होते.

दुकानदाराकडे गेले तेव्हा आधी ‘मशीनची सेटिंग चुकली असेल’ झालं. तार दाखवली, तेव्हा सूर बदलला: ‘बिलावर प्लास्टिक शीट लिहिलंय ना? प्लास्टिक शीटच दिली.’ खरंच तसंच होतं. समोर एचएसएन कोड (जीएसटी बिलावर मालाचा प्रकार सांगणारा आकडा) ३९२०, आणि त्या चार आकड्यांत दोन्ही बसतात. सहा आकडी कोड असता तर पॉलिएस्टरचा ३९२०६२ आणि पीव्हीसीचा ३९२०४३ किंवा ३९२०४९ असा फरक कागदावर दिसला असता. छोट्या व्यापाऱ्याला चार आकडे चालतात, म्हणून पैसे देण्याआधी बिलावर ‘पॉलिएस्टर (पीईटी), २५० मायक्रॉन’ असं शब्दांत लिहून घ्या. जो लिहायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

‘तुम्ही धंद्यासाठी घेता, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही,’ असंही मला ऐकवलं गेलं. ते खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी बिल, नमुन्याचा तुकडा, रोलचा तुकडा आणि फोनवरचे मेसेज एकत्र ठेवून तक्रार केली आहे. माझ्याआधी तिथून माल नेलेल्या दोघीजणीही आता बोलायला लागल्या आहेत. त्यांच्या गिऱ्हाइकांनी स्टेन्सिल थिनरने पुसल्या तर त्या मऊ पडून मुरडल्या. तोवर त्यांना वाटत होतं की थिनरच खराब असेल.

ज्यांच्या घरी असा रोल आधीच पडून आहे, त्यांनी तो लेझरवर चढवू नये. हाताने कटरने कापायला पीव्हीसी चालते, पाण्याच्या रंगांसाठी असे छापे वापरता येतील. फक्त तक्रार करायची असेल तर थोडा तुकडा बिलासोबत बाजूला ठेवा आणि उरलेला रोल कुणाला देणार असाल, तर त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘पीव्हीसी – लेझरला नको’ लिहा.