विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर: अगदी नवख्याने थेट जावं का?

आधी वेळापत्रक बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. पहाटे ४ ला घंटा, ४.३० ते ६.३० बैठक, नाश्ता, ८ ते ११ पुन्हा बैठक, ११ ला जेवण. दुपारी १ ते ५ बसायचं, ५ ला चहा, ६ ते ७ सामूहिक बैठक, मग सव्वा तासाचं प्रवचन, नंतर ९ पर्यंत शेवटची बैठक आणि ९.३० ला दिवे बंद. बेरीज केली तर बसण्याचे पावणेअकरा तास होतात. घरी कधी सलग दहा मिनिटंही न बसलेला माणूस यात पहिल्याच दिवशी पडतो.

सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी ही शिबिरं सुरू केली. ते २०१३ मध्ये गेले, पण आजही सूचना त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात मिळतात. त्यामुळे केंद्र कुठलंही असो, शिकवणीत फरक पडत नाही. फरक पडतो तो खोली, गर्दी आणि हवामानाचा. फी नाही. दानसुद्धा शिबिर पुरं केलेल्याकडूनच घेतात, त्यामुळे मध्येच कुणी काही गळ्यात मारेल ही भीती नको.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघणं. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्वास ओढणं. प्राणायाम केलेले लोक हमखास लांब, मोजून श्वास घेऊ लागतात आणि तासाभरात कपाळ जड होतं. सूचना अगदी साधी आहे: श्वास जसा आहे तसा. तो सापडतच नसेल तर चार-दोन श्वास थोडे जोरात घ्या आणि लगेच सोडून द्या. लक्ष ठेवायची जागा रोज लहान होत जाते. सुरुवातीला नाकाचा सगळा भाग, तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांखालची वरच्या ओठावरची जेमतेम बोटभर जागा. मन तिथे टिकत नाही म्हणून हिरमुसण्यात अर्थ नाही. ते पळालं हे कळणं आणि परत आणणं, हाच तर सराव.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष तुकड्या-तुकड्याने फिरवायचं आणि जी संवेदना असेल ती, गरम, जड, मुंग्या, खाज, नुसती बघायची. काही जागा बधिर वाटतात. तिथे मिनिटभर थांबा आणि पुढे सरका, खणत बसू नका. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत काहींना अंगभर सुखद लहरी जाणवतात आणि खरी गडबड तिथे होते. पुढच्या बैठकीत त्या आल्या नाहीत की माणूस त्यांच्या मागे लागतो. समतेची, म्हणजे सुखद-दुखद दोन्हींकडे सारखंच बघण्याची साधना करायला आलेला साधक लहरींचा हिशोब ठेवू लागतो.

विपश्यना शिकवल्यानंतर अधिष्ठानही सुरू होतं: दिवसातून तीनदा, एकेक तास, हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता. हे अनेक जण पैज म्हणून घेतात. ते चूक आहे. सुरुवातीला दोन-तीनदा पाय बदलला तरी चालतो. पाय बधिर झाला असेल तर बैठक संपल्यावर झटकन उठू नका. नस दबलेली असते, पाऊल टेकलंय की नाही ते कळत नाही आणि घोटा मुरगळतो. पाय लांब करून बोटं हलवा, मग उठा.

आता बैठक. तिसऱ्या दिवशी कुठल्याही हॉलमध्ये उशांचे मनोरे दिसतात, आणि बहुतेक उशा चुकीच्या जागी लागलेल्या. नेम एकच: गुडघे कमरेच्या खाली यायला हवेत. सपाट गादीवर गुडघे वर राहतात, कंबर मागे झुकते, पाठीला पोक येतो आणि खांदे भरून येतात. म्हणून उशी पूर्ण बुडाखाली नको, फक्त मागच्या भागाखाली हवी, दाबल्यावर चारेक इंच उंच राहील अशी. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली घडी केलेली चादर घाला. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर खुर्ची मागा, आणि पहिल्याच दिवशी मागा. हट्टाने चार दिवस खाली बसून मग मागण्यात काही मर्दुमकी नाही.

उणी बाजूही आहे. वैयक्तिक लक्ष फार कमी मिळतं. दुपारी सहायक आचार्यांना भेटता येतं, पण भेट पाच-सात मिनिटांची, आणि उत्तर बहुधा 'बघत राहा' या वळणाचं. लिहायला, वाचायला, फोनला बंदी असल्यामुळे शंका मनातच घोळत राहते, तेव्हा प्रश्न आधी नेमका करून जा. प्रवचनं रसाळ आहेत, पण पुनर्जन्म आणि मनावर साठत जाणाऱ्या संस्कारांचा सिद्धांत त्यात येतोच. पटला नाही तरी साधना अडत नाही. अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांची माहिती विचारतात, ती लपवू नका. तीव्र नैराश्य किंवा भास होण्याचा इतिहास असेल तर पहिली पायरी म्हणून हे शिबिर नको. इतके तास मौनात राहून ते उफाळू शकतं.

मग नवख्याने जावं का? जावं, पण तयारीने. आधीचे सहा आठवडे रोज वीस मिनिटं श्वासावर बसा, शेवटचे दोन आठवडे अर्धा तास. शरीराला बसायची सवय झालेली असेल तर पहिले तीन दिवस पाठदुखीत वाया जात नाहीत.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवून मौन सोडतात आणि हॉलबाहेर एकदम बाजार भरतो. हा दिवस मुद्दाम ठेवलेला आहे, तो चुकवून पळू नका. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. नोकरी आणि पोरंबाळं सांभाळून बहुतेकांचं ते महिनाभरात सुटतं, आणि दोन तास जमत नाहीत म्हणून अर्धा तासही सोडून देणं हे तर सर्रास. सकाळचा एकच तास धरा, आणि आठवड्यातून एकदा जुन्या साधकांच्या सामूहिक बैठकीला जा. तिथे कुणी काही शिकवत नाही, तासभर सगळे नुसते बसतात. दाराशी चपला काढून पाच मिनिटं आधी आत जायचं, भिंतीजवळची जागा धरायची, आणि घड्याळ पिशवीत ठेवायचं.