रोस्टरचे टेबल की तक्रार निवारणाचे?

केंद्र सरकारच्या मुंबईतील एका कार्यालयात मी आधी चार वर्षे आरक्षणविषयक संपर्क अधिकारी होतो, ज्याला आपण सगळे सवयीने लायझन ऑफिसर म्हणतो, आणि त्यानंतर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी झालो, तो आजतागायत आहे. समान संधी आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयी याच विषयाचा पूर्णवेळ जाणकार असे पद आपल्या कार्यालयांत सहसा नसते. नेहमीच्या कामावर चढवलेला अतिरिक्त कार्यभार म्हणूनच ते काम येते, आणि माझ्या पाहण्यात ते या दोन टेबलांपैकी एकावर येते. प्रशासन शाखेने पसंती विचारली तर काय कळवावे, असे अलीकडे दोन-तीन तरुण सहकाऱ्यांनी विचारले, म्हणून हे लिहीत आहे. दिव्यांगांसाठीचे चार टक्के आरक्षण कोणाला आणि कायद्यातील दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार कोणते, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असे धरून चालतो.

रोस्टरचे टेबल, म्हणजे आरक्षित जागांची बिंदुनामावली सांभाळणारे संपर्क अधिकाऱ्याचे काम, मी मुळीच कमी लेखत नाही. त्या कामाला चौकट आहे, आणि सरकारी नोकरीत चौकट असलेले काम मिळणे हे भाग्यच समजावे. शंभर बिंदूंची, म्हणजे क्रमाने भरायच्या शंभर जागांची, नामावली पंचवीस-पंचवीसच्या चार गटांत विभागलेली असते आणि १, २६, ५१ व ७६ हे बिंदू दिव्यांगत्वाच्या चार प्रवर्गांसाठी राखलेले असतात. जागा भरली नाही तर ती पुढील भरती वर्षात ओढायची, त्या वर्षीही योग्य उमेदवार मिळाला नाही तर प्रवर्गांची अदलाबदल करायची, आणि तरीही कोणी न मिळाल्यासच इतर उमेदवाराचा विचार करायचा, हा क्रम कायद्यानेच घालून दिलेला आहे. आरक्षण एकूण पदसंख्येवर मोजायचे की केवळ दिव्यांगांसाठी सुनिश्चित केलेल्या पदांवर, हा जुना वादही सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये एकूण पदसंख्येच्या बाजूने मिटवला. त्यामुळे कर्मचारी संघटनेचा प्रतिनिधी तावातावाने आला तरी रजिस्टर उघडून समोर ठेवले की बोलणे आकड्यांवर येते, आणि आकड्यांवर आलेले भांडण फार वेळ टिकत नाही.

शिवाय ही विद्या आयुष्यभर पुरते. एकदा रोस्टर हातात बसले की बदली कोठेही झाली तरी आस्थापनेचे लोक तुम्हाला शोधत येतात. कामाचा हंगामही ठरलेला असतो, म्हणजे १ जानेवारीची स्थिती दाखवणारे वार्षिक विवरण, रजिस्टरांची तपासणी आणि भरतीच्या आधी रिक्त पदांचे मागणीपत्र. एरवी तुम्ही आपल्या मूळ कामाला मोकळे असता. ज्यांची मुले दहावी-बारावीत आहेत त्यांनी ही बाब क्षुल्लक मानू नये.

तरीही मी ते टेबल सोडले, आणि त्याचे कारण सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ते एका रकान्यापुरते आहे. रोस्टर रजिस्टरात नियुक्त व्यक्तीचे नाव, रुजू झाल्याचा दिनांक, कोणत्या बिंदूवर नेमणूक झाली याची नोंद आणि शेवटी शेरा असे रकाने होते. माझ्या काळात बिंदू १ वर एक दृष्टिहीन तरुण लिपिक म्हणून रुजू झाला. मी स्वतः त्याच्या नावापुढे ‘भरले’ असे लिहिले, सही केली, आणि प्रदीर्घ काळ रिकामा राहिलेला बिंदू भरल्याचे समाधानही मानले. पुढे सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावर कामासाठी गेलो असता तो खिडकीजवळच्या टेबलावर हात बांधून बसलेला दिसला. टेबलावर संगणक होता, पण बंद होता. मी काय चालले आहे असे विचारल्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, रोज येतो, बसतो, जातो. फोन वाजला तर घेतो.”

त्याला संगणक येत होता, परीक्षा त्याने त्यावरच दिली होती. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि तो ते घरी वापरत होता. कार्यालयाच्या संगणकावर ते बसवायला संगणक कक्षाचा पासवर्ड लागत होता, आणि कोणाच्या आदेशाने बसवायचे हे संगणक कक्षाला ठरवता येत नव्हते. मी वर जाऊन विषय काढला तेव्हा मला अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले की नेमणुकीपर्यंतचा विषय माझा, त्यापुढचा त्या शाखेचा. ते चूक नव्हते. माझ्या रजिस्टरात तो बिंदू भरलेलाच होता, वार्षिक विवरणातही तो भरलेला म्हणूनच गेला होता, आणि तो माणूस रिकामा बसला आहे हे लिहायला कोणताही रकाना नव्हता. त्यानंतर प्रत्येक वेळी ‘भरले’ हा शब्द लिहिताना मला तो बंद संगणक आठवू लागला. दुसऱ्या कोणाला ही गोष्ट इतकी बोचणार नाही, हे मी मान्य करतो. मला बोचली.

तक्रार निवारणाच्या टेबलाचे दोष आता तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की तुमच्या हाती अधिकार फारसा नसतो. कायदा तुम्हाला तक्रारीची चौकशी करायला आणि सुधारणेसाठी आस्थापनेकडे पाठपुरावा करायला सांगतो, हुकूम सोडायला सांगत नाही. तक्रारदाराचे समाधान झाले नाही तर तो जिल्हास्तरीय समितीकडे जाऊ शकतो, दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे दाद मागू शकतो, आणि तशी वेळ आली की कार्यालयात सगळे तुमच्याकडेच बघतात. दुसरा दोष मुदतीचा. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी, आणि दोन आठवडे म्हणजे आपल्याकडे एक फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्याचा काळ. तिसरा दोष नाजूक आहे. ज्यांच्या निर्णयावर तुम्ही बोट ठेवता, त्यांच्यापैकीच कोणीतरी तुमचा गोपनीय अहवाल लिहीत असते. माझ्या एका वर्षाच्या अहवालात ‘कामात अनावश्यक आग्रह’ असे शब्द आले, आणि ते कोणत्या प्रकरणामुळे आले हे मला विचारावे लागले नाही.

आणि शब्दांचा घोळ तर विचारूच नका. कायद्यातील ‘रिझनेबल अकमोडेशन’ म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून, आस्थापनेवर अवाजवी भार न टाकता, केलेला आवश्यक तो बदल. मी कार्यभार घेतल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात अस्थिव्यंग असलेल्या एका बाईंनी तळमजल्यावर बसण्याची जागा मागणारा अर्ज दिला आणि विषयाच्या ओळीत हेच दोन इंग्रजी शब्द लिहिले. आवक शाखेने ‘अकमोडेशन’ एवढेच वाचून अर्ज क्वार्टर वाटपाच्या शाखेकडे पाठवला. तेथून तो माझ्याकडे आला तेव्हा त्यावर शेरा होता, ‘सध्या टाइप दोन उपलब्ध नाही, प्रतीक्षा यादीत नाव घ्यावे.’ तेव्हापासून मी मराठीत ‘वाजवी सोय’ असेच लिहितो आणि इतरांनाही तसेच लिहायला सांगतो.

असे असूनही हे टेबल मला का रुचले? मोजमाप माझ्याकडे नाही, अनुभव आहे. त्या दृष्टिहीन लिपिकाचा अर्ज मी नव्या कार्यभारात रीतसर तक्रार म्हणून नोंदवून घेतला, कार्यालयप्रमुखांना त्याच कायद्यातील, वाजवी सोय देण्याचे बंधन घालणारे कलम २० दाखवले, आणि अकराव्या दिवशी संगणक कक्षातील मुलाने येऊन सॉफ्टवेअर बसवले. त्याला वीस मिनिटे लागली आणि खर्च काहीच झाला नाही. त्यानंतर नवीच अडचण निघाली, कारण ई-ऑफिसमध्ये, म्हणजे फायलींच्या संगणकीय प्रणालीत, येणारी पत्रे स्कॅन केलेली असतात आणि सॉफ्टवेअरला त्यात अक्षरे सापडत नाहीत, ते संपूर्ण पान एक चित्र समजते. मग त्याच्या शाखेपुरते असे ठरवून घेतले की टिपणी हाताने लिहून स्कॅन करायची नाही, टंकलिखितच करायची, आणि बाहेरून येणारे पत्र मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून मगच त्याच्याकडे पाठवायचे. मराठी आणि हिंदी पत्रांत त्यातही चुका होतात आणि तो त्या फोनवर विचारून दुरुस्त करतो. आज तो आमच्याकडील माहिती अधिकाराच्या अर्जांचे काम पाहतो.

सोय ही ठरावीक यादीतून निवडून देण्याची वस्तू नसून त्या व्यक्तीशी बोलून ठरवण्याची गोष्ट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. हा निकाल मी टेबलाच्या खणात ठेवतो, कारण ‘सगळ्यांना एकच नियम’ हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते.

खरे वजन मात्र कलम २० च्या चौथ्या पोटकलमाला आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. तो आधीच्या पदाला योग्य राहिला नाही तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर, आणि तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदावर ठेवायचे असते. आमच्या एका वाहनचालकाला पक्षाघात झाला तेव्हा त्याच्या बायकोच्या हातात कोणीतरी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आधीच टाइप करून दिलेला होता, सहीपुरती जागा सोडून. ती तो कागद घेऊन चुकून माझ्या खोलीत आली. त्या दिवशी मी रोस्टरच्या टेबलावर असतो तर तिला बरोबर खोली दाखवून मोकळा झालो असतो. तो आता अभिलेख कक्षात आहे, त्याच पगारावर.

तेव्हा ज्यांना नियमांची बैठक पक्की करायची आहे, ज्यांची नोकरीची पहिली दहा वर्षे अजून व्हायची आहेत, किंवा ज्यांना वरिष्ठांशी वारंवार मतभेद परवडणार नाहीत, त्यांनी रोस्टर मागावे. त्यात कमीपणा नाही, आणि रोस्टर जाणणारा तक्रार निवारण अधिकारी दुप्पट उपयोगी पडतो. बाकीच्यांनी, माझ्या अल्पमतीप्रमाणे, दुसरे टेबल मागून पाहावे. मात्र कार्यभार घेताना तक्रार रजिस्टर प्रत्यक्ष हातात घेऊन उघडावे. मला मिळाले तेव्हा त्यात एकही नोंद नव्हती आणि दरवर्षी ‘निरंक’ असा अहवाल जात होता, ज्याचा अर्थ तक्रारी नव्हत्या असा नसून तक्रार कोठे करायची हे कोणाला माहीत नव्हते असा होता. मी पहिल्या आठवड्यात एवढेच केले की माझे नाव आणि खोली क्रमांक मोठ्या अक्षरांत लिफ्टजवळ लावला.

रोस्टरचे टेबल माझ्यानंतर ज्या बाईंकडे गेले त्यांना मी जाताना एक विनंती केली होती, की शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक दिव्यांग कर्मचाऱ्यापुढे तो सध्या कोणते काम करतो हे पेन्सिलीने लिहावे. त्या लिहितात. गेल्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी त्या सगळ्या नोंदी खोडल्या आणि तपासणी पथक गेल्यावर पुन्हा लिहिल्या, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. दोन नोंदी पुन्हा लिहिताना बदलाव्या लागल्या, कारण त्या दोघांचे काम मधल्या काळात काढून घेतले गेले होते. त्या दोघांचे तक्रार अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहेत.