खटका पडला, पण खटकलं नाही

चवथ, म्हणजे आम्हा गोंयकारांची गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती आणि गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या घरातला जुना लाकडी बोर्ड पावसात पुन्हा चरचरायला लागला होता. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, सासऱ्यांनी बसवलेला लोखंडी मेन स्विच. ते सगळं काढून नवा डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी खटक्यांची पेटी, बसवायचं आम्ही ठरवलं. त्यात एमसीबी, म्हणजे लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की पडणारे खटके, आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळून माणसाच्या अंगात जायला लागला की लाईन तोडणारा खटका. हार्डवेअरच्या दुकानात एका वायरमनचा नंबर मिळाला. माणूस गोडबोल्या. "लायसन्स आहे ना?" विचारलं तर खिशावर हात ठेवून म्हणाला, "आसा गे बाय." खिशातून काही निघालं नाही आणि मीही दाखव म्हटलं नाही. पहिली चूक ती.

सामान-मजुरी मिळून 14,500 रुपये ठरले. त्यातले 1,500 म्हणे वीज खात्याची फी, मीटरकडची लाईन तोडून घ्यायची म्हणून. ते रोख हवे होते. पावती मागितली तेव्हा "मागीर दितां" म्हणाला. खात्यात पैसे भरले की पावती मिळते, हे वीज बिल भरणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको होतं.

कामाच्या दिवशी सकाळी खात्याचं कोणी फिरकलं नाही. त्याने जुन्या मेनचा दांडा खाली ओढला, "बंद केला" म्हणाला आणि सोबतच्या पोराला बोर्डावर चढवलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर देवघरातला दिवा जळत होता. म्हटलं, "अरे, मेन बंद केला ना?" तर म्हणे, "तो इन्व्हर्टरचा. वेगळा आसता. कांय जावचें ना." दोनच मिनिटांत पोराने नूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरींच्या, पट्टीतून एक काळी वायर सोडवली. देवघरातला दिवा विझला आणि त्याच क्षणी पोरगा किंचाळून स्टुलावरून खाली आला. नशीब, हात सुटला. कोपर खरचटलं, तेवढंच. मी साखर-पाणी दिलं. तो गृहस्थ मात्र हसत होता.

तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. पण अर्धा बोर्ड भिंतीतून बाहेर लोंबत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर चवथ होती.

संध्याकाळी नवा पांढरा डीबी भिंतीवर चढला. त्याने आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खट्ट करून खटका खाली पडला, त्याने लगेच वर केला. "पळय, शॉक बसलो जाल्यार असो पडटलो." मी खटक्याकडे बघत होते. पंख्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी पंखा बंद झाल्यावरही काही सेकंद फिरतोच, तेव्हा काय कळणार होतं म्हणा. पैसे दिले. बिल म्हणून साध्या कागदावर आकडे.

पंधरा दिवसांनी, आरती आटोपून, पुण्याहून आलेल्या मुलाला नवा डीबी दाखवायला मी स्वतः ते बटण दाबलं. खट्ट. खटका पडला. गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीवरची दिव्यांची माळ तशीच लुकलुकत राहिली. ट्यूब चालू, फ्रिज चालू. मुलगा म्हणाला, "आई, हा पडला तर घर चालू कसं?"

चवथ झाल्यावर फोंड्याहून एका लायसन्सधारक कंत्राटदाराला बोलावलं. त्यांनी आल्याबरोबर, न मागता, परवाना पुढे ठेवला. डीबीत हात घालायच्या आधी त्यांनी जे केलं ते बघायला मी मुद्दाम खुर्ची टाकून बसले. आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा प्लग बाहेर, बॅटरीची वायर सोडवली. मग डीबीचा मेन खाली आणि त्यावर छोटं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग मीटरजवळ जिथे करंट आहे याची खात्री होती तिथे टेस्ट लॅम्प पेटवून बघितला. मग डीबीचं झाकण काढून मेनच्या पुढे फेज (करंट आणणारी वायर) आणि नूट्रल, फेज आणि अर्थ (जमिनीत जाणारी वायर), नूट्रल आणि अर्थ, तिन्ही जोड्यांवर लावला. पेटला नाही. परत मीटरजवळ जाऊन पेटवला. "मधेच दिवाच गेला असला तर?" एवढंच म्हणाले. माझ्या हातातल्या निऑन टेस्टरकडे बघून म्हणाले, तो पेटला तर सावध व्हायचं, नाही पेटला म्हणून हात घालायचा नाही.

मग आतल्या जोडण्या बघितल्या. आरसीसीबीच्या एका बाजूला वायरी होत्या, दुसऱ्या बाजूचे स्क्रू रिकामे. घराचा सगळा करंट मेनमधून थेट एमसीबींकडे नेला होता. आरसीसीबीला स्वतःपुरता करंट मिळत होता, म्हणून बटण दाबलं की तो इमानेइतबारे पडायचा. माणसाच्या अंगातून जाणारा 30 मिलिअँपिअर करंट त्याला कधी दिसलाच नसता.

असं का केलं असेल? आमच्या घरात इन्व्हर्टरचा नूट्रल आणि मेन लाईनचा नूट्रल मागच्या खोलीत एकत्र बांधलेले निघाले. फेजने गेलेला करंट आरसीसीबीतूनच परत आला नाही की तो पडणारच. नीट जोडल्यावर तो पुन्हा पुन्हा पडला असणार, आणि दोष शोधत बसण्यापेक्षा बगल देणं सोपं. त्या पोराला झटका बसला तोही त्याच नूट्रलमुळे: इन्व्हर्टरचा करंट देवघरातल्या दिव्यातून पुढे येऊन त्या सुट्या टोकाशी उभा होता. काळी वायर म्हणजे मेलेली वायर, असं त्याला शिकवलं असेल.

आणि 1,500 रुपये? दांडा खाली ओढला तरी मेन स्विचच्या वरच्या स्क्रूंपर्यंत मीटरकडचा करंट असतोच. मेनच बदलायचा तर पुरवठा त्याच्याही आधी तोडायला लागतो, आणि सीलला हात खात्यानेच लावायचा. मी कार्यालयात जाऊन विचारलं. आमच्या ग्राहक क्रमांकावर तसा अर्ज आलाच नव्हता. म्हणजे त्या दिवशी मेनच्या वायरी चालू करंटवरच बदलल्या गेल्या, आमच्या पडवीत, त्या पोराच्या हातून.

दोन नूट्रल वेगळे करायला त्या कंत्राटदारांना चाळीस मिनिटं लागली. आरसीसीबी अस्सल निघाला, तोच नीट जोडला. जाताना त्यांनी बटण मला दाबायला लावलं. खट्ट, आणि सगळं घर अंधारात.

पहिल्याला फोन केला. म्हणाला, "बाय, बटण दामून पळय, पडटा मगो?" पैशांचं काढताच फोन ठेवला. त्या पोराचा नंबर माझ्याकडे नाही. हे वाचणाऱ्या कोणाकडे तो कामाला आला, तर आधी इन्व्हर्टर बंद करा.