शेरूची दाढ अन् संभाजीनगरचा कुत्र्याचा दवाखाना, ५ पैकी ४ स्टार

आमच्या शेरूनं मटणाची नळी फोडता फोडता स्वतःचीच दाढ फोडली, वरची मोठी दाढ, बाजूचा एक पापुद्रा उभा निघालेला अन् मधोमध लाल ठिपका. खाणं सोडलं नाही बरं का, फक्त एकाच बाजूनं चावायचा, म्हणून चार दिवस कुणाच्या ध्यानातच आलं नाही. इथं जालन्यात एकाला दाखवलं तर तोंड नीट न उघडताच इंजेक्शन टोचलं अन् म्हणले पडल आपोआप. कशाची पडती! ह्या दाढेला तीन मुळं असतात, नस उघडी राहिली की जंतू पार मुळापर्यंत जातात अन् डोळ्याखाली सूज येते, हे संभाजीनगरच्या मॅडमनी एक्सरे दाखवून सांगितलं तवा कळलं. रूट कॅनल नाहीतर काढायची, आम्ही म्हणलं काढाच. आधी रक्त तपासलं, मग पूर्ण भूल, दाढेचे तुकडे करून एकेक मूळ काढलं, टाके विरघळणारे. संध्याकाळी साहेब दारू पिल्यावानी डुलत गाडीत. आता दोन आठवडे नुसता पातळ भात, नळी कायमची बंद.

मी आदल्या रात्री ब्रुफेन देणार होतो, त्यावरून मॅडम लई बोलल्या, माणसाची ती गोळी कुत्र्याला विषच.

एक स्टार कापला कारण टाइम ११ चा दिला अन् नंबर लागला दीडला, उपाशी जनावर घेऊन उन्हात उभं, बसायला साधा पत्रा बी नाही.