पहिला डबा कुणाचा: स्पेस मरीनचा की टायरानिडांचा?

‘वॉरहॅमर ४०,०००’ या, स्वतः जोडून रंगवलेल्या छोट्या मॉडेलांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळात शिरायचं ठरवलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा: ज्या सैन्याची गोष्ट आवडते ते घ्या. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. गोष्ट वाचून लवकर संपते. त्यानंतर महिनोन्‌महिने हातात असतं ते बोटभर उंचीचं राखाडी प्लॅस्टिक, चाकू, गोंद आणि ब्रश. त्या महिन्यांत रमणार की कंटाळणार, हे गोष्टीपेक्षा त्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जास्त ठरतं. म्हणून इथली तुलना खेळाच्या नियमांची नाही. जोडणी आणि रंगकाम, एवढंच पाहायचं आहे.

सैन्यं मुद्दाम दोनच घेतली आहेत. स्पेस मरीन म्हणजे शरीरात फेरफार करून घडवलेले, डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात बंद असलेले धिप्पाड योद्धे. टायरानिड म्हणजे ग्रहच्या ग्रह फस्त करत पुढे सरकणारी झुंड. त्यांची शस्त्रंसुद्धा जिवंत. रिक प्रीस्टली यांनी लिहिलेला हा खेळ ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ साली आणला. १९८९च्या ‘स्पेस हल्क’ या बोर्डगेममध्ये टर्मिनेटर नावाच्या जाडजूड चिलखतातले मरीन आणि पुढे टायरानिडांच्या कुळात गणले गेलेले जीनस्टीलर समोरासमोर होते. २००४च्या ‘बॅटल फॉर मॅक्राग’ या डब्यात हीच जोडी पुन्हा आली आणि २०२३ साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या डब्यांतही हेच दोघे आहेत. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही जोडी मला फार योग्य वाटते, कारण एकाकडे सगळं गुळगुळीत आणि कोनदार आहे, तर दुसऱ्याकडे सगळं खवल्यांचं आणि सुरकुतलेलं.

जोडताना

दोन्हींचे भाग स्प्रूवर, म्हणजे प्लॅस्टिकच्याच चौकटीवर, लगडलेले येतात. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्यासाठीचं प्लॅस्टिक सिमेंट नुसतं चिकटवत नाही. दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकमेकांत मुरवतं आणि सुकल्यावर सांधा एकजीव होतो. शिवाय ते लगेच पकडत नाही, त्यामुळे तुकडा सरकवून नीट बसवायला थोडा अवधी मिळतो. फेविक्विक क्षणात पकडतं, पण प्लॅस्टिकमध्ये मुरत नाही. मॉडेल टेबलावरून पडलं की नेमकं तिथेच सुटतं. पहिल्या खरेदीत एखादा रंग कमी घ्या, पण प्लॅस्टिक सिमेंट घ्याच.

मरीनचं शरीर समजायला सोपं आहे. पाय, धड, डोकं, हात, पाठीवरचं यंत्र, खांद्यांवरच्या दोन मोठ्या ढाली. कुठला तुकडा कुठे जातो ते सूचनापत्र न बघताही बरंचसं कळतं. अडचण बंदुकीपाशी येते. ती दोन्ही हातांत धरलेली असल्यामुळे एक हात चिकटवून पक्का सुकू दिला की दुसरा नेमका बसत नाही. दोन्ही हात आणि बंदूक ओल्या सिमेंटवर एकदमच जुळवून घ्यावे लागतात.

दुसरी आणि मोठी अडचण साच्याच्या रेघेची. साच्याची दोन अंगं जिथे मिटतात तिथे प्लॅस्टिकवर बारीक उंचवटा राहतो. मांडीच्या किंवा शिरस्त्राणाच्या गुळगुळीत फुगवट्यावर ही रेघ राखाडी असताना फारशी दिसत नाही आणि रंग चढला की लपत नाही. चाकूच्या पात्याची बोथट बाजू आडवी धरून ती हलकेच खरवडायची, प्रत्येक पायाला, प्रत्येक हाताला. काम कंटाळवाणं वाटेल, पण मरीनचं सगळं सौंदर्य स्वच्छ पृष्ठभागात आहे. ही पायरी गाळली तर पुढे कितीही निगुतीने रंगवा, नजर त्या रेघेवरच अडते.

टायरानिडांकडेही रेघा असतात, पण बरगड्यांत आणि स्नायूंच्या घड्यांत त्या बऱ्याचशा हरवतात. सांध्यात केसभर फट राहिली तर कातडीची सुरकुती म्हणून खपून जाते. त्यांची काळजी वेगळी: शेपट्या, नख्या, काटकुळे पाय. स्प्रूवरून कापताना हेच मोडतात. आधी चौकट तुकड्यापासून लांब कापून ताण मोकळा करायचा आणि मग उरलेला खुंट जवळून काढायचा. यासाठी एका बाजूने सपाट पात्याचं बारीक कटर लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किटच्या तारा छाटायला जे वापरतात, ते या कामाला उत्तम चालतं.

सुरुवातीच्या डब्यांतली मॉडेलं ‘पुश-फिट’ असतात, म्हणजे खुंटी खाचेत दाबली की बसते, गोंद लागत नाही. टर्मागंट या छोट्या टायरानिडांच्या बाबतीत ते खरंच पुरतं. मरीनला मात्र सिमेंट लावाच. नुसता दाबून बसवला तर चिलखताच्या मधोमध बारीक फट राहू शकते आणि सपाट पत्र्यावर ती भेगेसारखी दिसते.

रंगवताना

खरा फरक इथे आहे.

मरीन रंगवणं म्हणजे सपाट जागा एकसारखी भरणं आणि कडा उजळवणं. अल्ट्रामरीन या निळ्या तुकडीचं उदाहरण घेऊ. प्रायमरवर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी देतात त्या थरावर, मॅक्राग ब्लू या रंगाचे दोन पातळ थर. एकच जाड थर दिला तर ब्रशचे ओरखडे सुकून कायमचे राहतात, म्हणून पाणी घालून पातळ केलेले दोन. मग नल्न ऑइल हा काळसर वॉश, म्हणजे छाया देणारा पातळ रंग, फक्त चिलखताच्या खाचांत, टोकदार ब्रशने. सगळीकडे फासला तर सपाट भागावर मळकट डाग पडतात. त्यानंतर कॅल्गर ब्लूने प्रत्येक कडेवर एक रेघ, आणि सगळ्यात टोकदार कोपऱ्यांवर फेनरिसियन ग्रेचा ठिपका. कडेची रेघ काढताना ब्रशच्या टोकापेक्षा त्याची बाजू वापरायची, कडेवरून आडवी सरकवत न्यायची. मग कड आपोआप रंग ओढून घेते. हात स्थिर हवा, रंग नेमका हवा, आणि एका मरीनला कडा भरपूर असतात. पण ही रेघ जमली की त्या इवल्याशा सैनिकाला जे वजन येतं, ते पाहून मला आजही आनंद होतो. या छंदातलं दुसरं कुठलंच कौशल्य इतक्या थेटपणे डोळ्यांना दिसत नाही.

नवशिक्याच्या दृष्टीने मरीनची एक मोठी सोय दुर्लक्षित राहते: शिरस्त्राण. माणसाचा चेहरा रंगवणं अवघड असतं आणि इथे ते टाळता येतं. डोळ्यांच्या जागी दोन काचा. लाल रंगाचे ठिपके आणि काम झालं. खांद्यावरची चिन्हं पाण्यात भिजवून लावायच्या ट्रान्सफरने करता येतात. खांद्याचा भाग गोल असल्यामुळे ट्रान्सफरला चुण्या पडतात. आधी चमकदार वॉर्निश आणि नंतर ट्रान्सफर मऊ करणारं द्रावण वापरलं की ती वळणावर बसते.

टायरानिडांना ही शिस्त लागत नाही. गेम्स वर्कशॉपने २०१९ साली काँट्रास्ट नावाचे रंग आणले. हे पातळ, पारदर्शक रंग उजळ प्रायमरवर लावले की उंचवट्यांवरून ओघळतात आणि खोलगट जागी साचतात. छाया आणि उजेड एकाच थरात मिळतात. रेथबोन या पिवळसर पांढऱ्या प्रायमरवर अंगाला स्केलेटन होर्ड, पाठीच्या कवचाला शायिश पर्पल, आणि लेव्हायथन झुंडीच्या जवळ जाणारी रंगसंगती तयार. मग ड्रायब्रश: जवळजवळ कोरडा ब्रश हलक्या रंगात बुडवून, फडक्याला पुसून, कवचावरून झपझप फिरवला की प्रत्येक कंगोरा उठून येतो. एवढ्या कमी कौशल्यात इतकं देखणं काम दुसऱ्या कुठल्या सैन्यात होतं असं मला वाटत नाही.

हेच काँट्रास्ट मरीनवर लावावं असा मोह होतो. तो आवरा. सपाट पत्र्यावर रंगाला साचायला खाच नसते, मग तो मधेच थबकतो आणि सुकताना कडेला गडद वळ उमटतो. तो वळ झाकायला पुन्हा साध्या रंगाचे थर द्यावे लागतात, म्हणजे वाचवलेला वेळ दुप्पट जातो.

उलट, टायरानिडांवर मरीनच्या पद्धतीने काम करता येतं, पण त्याची गरज पडत नाही. ज्याला हळूहळू कौशल्य वाढवायचं आहे त्याला इथे ती सक्ती होत नाही, हाच त्यांचा तोटा.

किती मॉडेलं?

एका मरीनच्या वेळात तीन-चार टर्मागंट सहज होतात, हे ऐकून टायरानिडांकडे धावू नका. मरीनची साधी तुकडी पाच जणांचीही चालते. टर्मागंट दहा किंवा वीसच्या कळपात असतात, आणि एक कळप पुरत नाही. हे काम एकेक मॉडेल हातात घेऊन होत नाही; सगळ्यांचं अंग, मग सगळ्यांचं कवच, मग सगळ्यांच्या नख्या, असं रांगेने करावं लागतं. काहींना यात डोकं शांत करणारी लय सापडते, काहींना तीच नख्यांची रांग डोळ्यांसमोर नकोशी होते. आपण यांपैकी कोण आहोत याचा प्रामाणिक विचार खरेदीच्या आधी व्हावा. संख्या नको असेल तर टायरानिडांचे स्क्रीमर-किलरसारखे मोठे राक्षस घेऊन आकडा खाली आणता येतो, आणि एवढ्या मोठ्या कवचावर ड्रायब्रश करायला तर फारच मजा येते.

रंगांच्या स्वातंत्र्यात दोघे सारखेच. मरीनांच्या डझनावारी तुकड्या आहेत, फक्त पहिल्याच प्रयत्नात इम्पिरियल फिस्ट्सच्या पिवळ्याच्या वाटेला जाऊ नका; पिवळा रंग झाकत नाही, थरावर थर मागतो. टायरानिडांमध्ये बेहेमथ झुंड लाल अंगाची आणि निळ्या कवचाची, क्रेकन हाडाच्या रंगाची आणि लाल कवचाची. स्वतःची झुंड कल्पून कुठलेही दोन रंग घेतले तरी कुणी अडवत नाही.

आपल्या हवेत

स्प्रे प्रायमरचे डबे ज्वालाग्राही असल्यामुळे परदेशातून साध्या हवाई टपालाने येत नाहीत, इथेच मिळवावे लागतात. मिळाले तरी कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रे मारणं धोक्याचं: दमट हवेत थर खरखरीत किंवा पांढुरका होतो. टायरानिडांच्या खवल्यांत ती खरखर थोडीफार लपते, मरीनच्या छातीवर अजिबात नाही. पावसाळ्यात सुरुवात करणार असाल तर वायेहोसारख्या कंपनीचं ब्रशने लावायचं प्रायमर घ्या. एप्रिल-मे महिन्यांत उलटी तक्रार असते, रंग पॅलेटवरच सुकतो. पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद ठेवला की रंग बराच वेळ ओला राहतो. मरीनच्या पातळ थरांना याचा उपयोग जास्त होतो.

मॉडेलखालचा गोल बेस सजवण्याचं काम दोन्हीकडे सारखंच. वाळू, बुचाचे तुकडे, फेविकॉल. दिवाळीत किल्ला करून त्यावर हळीव पेरणाऱ्या हातांना यात नवीन काही शिकावं लागणार नाही.

कुणी धातूची मॉडेलं सुचवेल, उदाहरणार्थ स्पेनच्या कॉर्व्हस बेलीचा ‘इन्फिनिटी’. फार नाजूक आणि सुबक काम असतं, पण धातूला प्लॅस्टिक सिमेंट चालत नाही, बारीक सांधे ड्रिलने भोक पाडून तार घालून बसवावे लागतात. कुणी घरी रेझिन प्रिंट करा म्हणेल. कच्चं रेझिन त्वचेला अपायकारक आहे. नायट्राइलचे हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं, खेळती हवा, हे सगळं सांभाळावं लागतं. पहिल्या डब्यासाठी दोन्ही नकोत.

माझं मत विचाराल तर असं. ज्याला एकच सैनिक हातात घेऊन तासन्‌तास नीटनेटकं काम करायला आवडतं, सुबक अक्षर काढण्यात सुख वाटतं, त्याने मरीन घ्यावेत. ज्याला महिन्याभरात टेबलावर रंगवलेलं काहीतरी उभं पाहायचं आहे, ज्याच्याकडे रोज अर्धा तासच आहे, किंवा ज्याला घरातल्या मुलांबरोबर रंगवायचं आहे, त्याने टायरानिड घ्यावेत. मुलांच्या हातून रंग रेघेबाहेर गेला तरी तिथे बिघडत नाही. चाकू आणि कटर मात्र मोठ्यांनीच हाताळावेत.

अजूनही मन ठरत नसेल तर दहाव्या आवृत्तीचा इंट्रोडक्टरी सेट शोधा. त्यात इन्फर्नस मरीन आणि टर्मागंट दोन्ही आहेत, शिवाय थोडे रंग, ब्रश आणि कटरही. आधी एक मरीन आणि तीन टर्मागंट पुरे करा, उरलेले स्प्रूवरच राहू द्या, आणि तोवर ‘कॉम्बॅट पेट्रोल’सारखा मोठा डबा मागवू नका.