पेलेटच्या चार डब्या आणि एक रायफल

पोरगी 10 मीटर एअर रायफल मारायला लागल्यापासून आमच्या किराण्याच्या यादीत पेलेटची, म्हणजे छर्र्यांची, डबी पण असते. नेमबाजांना घडवणाऱ्या भीष्मराज बाम सरांचं नाशिक आहे, त्यामुळे रेंजवर सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. एक म्हणतो आर10 पेलेटच घ्या, दुसरा म्हणतो फिनाले मॅच सोडून दुसरं पेलेट वापरू नका. कोच वैतागून म्हणाले, रायफललाच विचारू ना. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) फोमचे तुकडे टाकून रायफल आवळली, सगळे पेलेट चपट्या डोक्याचे, 0.53 ग्रॅमचेच, प्रत्येकाचे 10 शॉट एकाच भोकात आणि मग ते भोक बाहेरून बाहेर व्हर्नियरने मोजलं.

आरडब्ल्यूएस कंपनीचं मायस्टरकुगेल्न 7 मिलिमीटर. त्यांचंच आर10, 4.50 हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये), 5.8. एच अँड एन कंपनीचं फिनाले मॅच 4.49 ने 6.4 आणि त्याच फिनालेचं 4.50 वालं 5.6! म्हणजे 4.50 मध्येच आर10 सोडून फिनाले घेऊन जेवढा फरक पडला नाही तेवढा एक शतांश मिलिमीटरने पडला. दुसऱ्याच्या बॅरलला कदाचित 4.49च आवडेल, म्हणून माझे आकडे बघून ऑर्डर टाकू नका.

एवढ्याने काय होतं असं मलाही वाटायचं. पण टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आणि डेसिमल स्कोअरिंगमध्ये (एका शॉटला दशांशात, 10.9 पर्यंत गुण) 0.25 मिलिमीटर सरकलं की 0.1 गेला. शॉटमागे सरासरी तेवढाच गेला तरी 60 शॉटला 6 पॉइंट, आणि इथे पोरं एकेका पॉइंटने फायनलबाहेर बसतात. तरी आमची पोरगी सध्या 605 च्या आसपास आहे, तिचे पॉइंट पेलेटमुळे नाही ट्रिगर झटकल्यामुळे जातात, म्हणून रोजच्या प्रॅक्टिसला मायस्टरकुगेल्नच, ते स्वस्तही पडतं. फिनाले 4.50 फक्त मॅचला आणि आदल्या आठवड्यात.

एक डबी मात्र ऑनलाइन मागवून पस्तावलो. खोक्यात डबी नुसती खडखडत आली, पेपरवर 500 पेलेट ओतून मी आणि बायको रात्री साडेअकरापर्यंत चष्मे लावून निवडत बसलो, तांदूळ निवडतात तसं. साठेक पेलेटचे स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, दबलेले. फोन केला तर दुकानदार म्हणे लेड (शिसं) मऊ असतं काका, एवढं चालतं. अहो पण मागून हवा स्कर्टवरच ढकलते, तोच वाकडा तर पेलेट सरळ कसा जाणार? (आणि लेड आहे म्हणूनच, हात साबणाने धुतल्याशिवाय मिसळीच्या प्लेटला हात लावायचा नाही हा घरचा नियम आहे.)

आता फिनालेच्या चार डब्या एकाच बॅचच्या सांगून मागवल्या, कारण बॅच बदलली की टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. काल आल्या. तीन डब्यांच्या स्टिकरवर एकच नंबर, चौथीवर वेगळा. ती प्रॅक्टिसला.