प्रदर्शनाला लांब मानेचा डायनासोर करायचाय? जिराफाटायटन की नायजरसॉरस?

विज्ञान प्रदर्शनात लांब मान म्हटलं की निम्मी पोरं 'ब्रॅकिओसॉरस' (हा अमेरिकेतला) अशी पाटी लावतात. खाली उभा असतो तो बहुतेकदा आफ्रिकेचा जिराफाटायटन! १९१४ मध्ये जर्मन जीवाश्मतज्ज्ञ वर्नर यानेन्शने त्याला ब्रॅकिओसॉरसमध्येच टाकलं होतं. पुढे २००९ च्या अभ्यासात दोघांच्या हाडांतले फरक मोजले गेले, तेव्हा तो खऱ्या अर्थाने वेगळा निघाला. पाटी लिहिताना एवढं सांभाळा.

गोष्ट सांगायची असेल, तर जिराफाटायटनच घ्या. आजच्या टांझानियाच्या दक्षिणेला तेंदागुरू टेकडी आहे. १९०६ मध्ये तिथे एका जर्मन खाण अभियंत्याला हाडं दिसली आणि १९०९ ते १९१३ बर्लिनच्या संग्रहालयाने खोदकाम केलं. खरे राबले ते शेकडो स्थानिक मजूर. बोहेटी बिन अम्रानी हा त्यांचा मुकादम. दोनशे टनांहून जास्त माल माणसांनी डोक्या-खांद्यावरून, पायी, लिंडी बंदरापर्यंत पोचवला. बर्लिनमधला सांगाडा १३.२७ मीटर उंच आहे. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब आणि दंडाचं एकच हाड दोन मीटरांहून मोठं.

पण करायला हा छळवादी प्राणी आहे. १:४० प्रमाणात उंची ३३ सेंटिमीटर भरते आणि कागदाचा लगदा ओला असेपर्यंत मान खाली येत राहते. खऱ्या प्राण्याला ते जमलं, कारण मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या. तुम्ही आत थर्माकोल घाला, तेच तत्त्व. नाकपुड्या डोक्यावर उंच दिसतात म्हणून परीक्षक हमखास विचारतात, 'हा पाण्यात बुडून राहायचा का?' नाही. तेवढ्या खोलीवर पाण्याच्या दाबाने छाती फुगलीच नसती.

नायजरसॉरस याच्या उलट. आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या तेनेरे वाळवंटात फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ फिलिप ताके यांना त्याची हाडं आधीच मिळाली होती, पण नाव पडलं १९९९ मध्ये, अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ पॉल सेरेनोंच्या चमूकडून. लांबी जेमतेम ९ मीटर, मान जातभाईंच्या मानाने आखूडच. 'लांब मान' हाच विषय असेल तर हा फिका पडतो.

तोंड मात्र असं दुसरं नाही. झाडूसारखं रुंद, समोरून सरळ कापल्यासारखं, आणि सगळे दात पुढच्या कडेला ओळीने. आतले राखीव धरून पाचशेहून अधिक, आणि प्रत्येक जागी साधारण १४ दिवसांत नवा दात. जमिनीलगतचा पाला कचाकच कापायची सोय. (गवत दाखवू नका, तेव्हा गवताळ कुरणं नव्हती.)

आठवडाच हातात असेल तर मी नायजरसॉरस घेईन, तोही नुसतं डोकं, मोठ्या मापात. त्याच्या कवटीची काही हाडं इतकी पातळ की उजेड आरपार जातो. बटर पेपरची कवटी करा, आत मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि परीक्षक टेबलाशी आले की लावा.